भरलेला दाणा

गोवा, १७ जुलै २०२३

बाबा, जय भीम.

पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची असते. पण तुमची तब्येत ठणठणीत आहे हे आईनं कालच फोनवर सांगितलं, आणि तुम्ही तिच्या शेजारीच बसलाय हेही सांगितलं. "दे त्यायले फोन," म्हटलं, तर म्हणते, "थे गाईले पाणी दाखवाले गेले." चार वर्षं झाली. मी फोन केला की आपली गाय तहानलेलीच असते. म्हणून आता हा कागद. याला घरात ठेवून गोठ्यात गेलात तरी तो तुमची वाट पाहत बसेल.

राजदीप सांगत होता, बाजारात तुम्ही कुणाला तरी म्हणालात, "आमची पोरगी गोव्यात चिखल चाळते." रागानं म्हणालात की कसं, ते माझ्या त्या बावळट भावाला सांगता आलं नाही. पण बोललात ते शंभर टक्के खरं. मी चिखलच चाळते. फक्त तो चिखल कुठला, ते जरा ऐका.

अंटार्क्टिकाजवळ, जिथे बर्फाचे डोंगर पाण्यात तरंगतात, तिथे जहाज थांबवतात आणि दोराला बांधलेला लांब पोकळ पाइप तीन किलोमीटर खाली तळात सोडतात. तो रुततो, आणि वर येतो तेव्हा त्याच्या पोटात तीन मीटर गाळ असतो. आपल्या तलावातला गाळ काढताना वरचा थर गेल्या साली वाहून आलेला आणि खालचा आजोबांच्या वेळचा, तसंच हे. फक्त इथे एका सेंटिमीटरला ऐंशी वर्षं लागतात.

त्या गाळात कवचं असतात, रव्याच्या बारीक कणाएवढी. एकाच पेशीचा जीव. पाण्यात तरंगतो, पाण्यातूनच चुना घेऊन अंगाभोवती घर बांधतो, आणि मेला की घरासकट तळाला जातो. आता गंमत अशी की ऑक्सिजन दोन तऱ्हेचा असतो, एक हलका, एक जड. त्यांना आयसोटोप म्हणतात. पाणी गार असेल तर कवचात जड ऑक्सिजन थोडा जास्त जातो. ते कवच मशीनमध्ये घातलं की मशीन दोघांचं प्रमाण सांगतं. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी मेलेला जीव मला इथे पंख्याखाली बसल्या बसल्या सांगतो, माझ्या वेळी पाणी किती गार होतं ते.

पण आधी ती कवचं वेचावी लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली, ओल्या ब्रशच्या टोकानं, एक एक. आणि बाबा, सांगायला मला मुळीच संकोच नाही, या अख्ख्या इमारतीत माझ्यासारखं वेचणारं कुणी नाही. बाकीच्यांचे दिवसाला दोन नमुने होतात, माझे पाच. पाहुणे आले की माझ्या गाइड मॅडम मी कवचं लावलेली पट्टीच काढून दाखवतात. सगळी कवचं गोल, पांढरी, टचटचीत. मॅडमनी विचारलं, "कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "घरी."

दुसरं काय सांगणार? रोपांसाठी पऱ्हे टाकायच्या आधी धान मिठाच्या पाण्यात सोडायचं, तरंगेल ते काढून टाकायचं, उरलेलं सुपात घेऊन उजेडात धरायचं. तुम्ही म्हणायचात, "भरलेला दाना घे. पोचट दिसला का टाक. बियान्यात दया नाई करा लागत." सहा वर्षांची होते मी. सारं गाव बियाण्याला हरिदासभाऊकडे येतं, त्या हरिदासभाऊची मी लेक आहे.

राग कशाचा ते तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही. वनरक्षक भरतीच्या यादीत माझं नाव लागलं नाही, त्याला मी काय करू?

उद्यापासून माझी कवचं मशीनमध्ये जातील.

नूतन


गोवा, ११ नोव्हेंबर २०२३

बाबा,

आई म्हणाली, पत्र तुम्ही दोनदा वाचलंत आणि बियाण्याच्या मडक्यामागे ठेवलंत. उत्तर नाही आलं. हरकत नाही, मडक्यामागे अजून जागा असेल.

आज एवढी खूश आहे की कापणी कुठवर आली तेही विचारायचं राहिलं. ऐका. आमच्या तीन मीटर गाळातल्या वरच्या एकशेबारा सेंटिमीटरची कवचं माझ्याआधी इथे असलेल्या एका मुलीनं वेचली होती. ती नोकरी लागून गेली. त्याच्या खालची सगळी मी वेचली. एकशे अठ्ठ्याऐंशी नमुने, माझे दोन डोळे आणि एक ब्रश. काल सगळे आकडे एका रेघेवर मांडले आणि मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

एकशेबाराच्या खाली समुद्र एकदम दीड अंशानं गार आहे! दीड अंश तुम्हाला थोडा वाटेल. समुद्राला तो थोडा नाही. म्हणजे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिणेचा समुद्र एकाएकी तापला. हळूहळू नाही, पायरी चढल्यासारखा. हे कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत झालं, मग मॅडमना, आणि आता तुम्हाला.

पेपर लिहून झालाय, पुढच्या आठवड्यात छापायला धाडतोय. मॅडम म्हणाल्या, "नाव एन. मेश्राम असं घालू." मी म्हटलं, "नाही, पूर्ण घाला. नूतन हरिदास मेश्राम." त्यांना वाटलं मी हट्टी आहे. आहेच.

तुम्ही उन्हाळ्यात रोजंदारीवर जंगलातली आग विझवायला जायचात. पायांना फोड घेऊन यायचात आणि म्हणायचात, "साहेब लोक खाकीत उभे राह्यतेत, आमी पाल्याच्या फांदीनं आग मारतो. एक दिवस माह्या घरातली खाकी उभी राह्यली पाह्यजे तिथी." मला ते आठवत नाही असं समजू नका. पण बाबा, खाकीपेक्षा हे काही कमी नाही. पेपर छापून आला की एक प्रत धाडीन. इंग्रजीत असेल, पण नाव वाचता येईल.

तुमची,
नूतन


कुरखेडा बसस्थानक, १२ जानेवारी २०२४

बाबा,

वरचं ठिकाण बरोबर लिहिलंय. मी इथे आहे. आपल्या घरापासून अकरा किलोमीटर.

ब्रह्मपुरीला माझ्या जुन्या कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. मी आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुमच्या गाईला पुन्हा तहान लागली असती. काल बोलले. हॉल भरला होता, मागची पोरं खिडकीत बसली होती. बर्फाच्या डोंगरांचे फोटो दाखवले, दीड अंशाची पायरी दाखवली, टाळ्या पडल्या. मी जरा जास्तच ताठ उभी होते, खोटं कशाला बोलू.

शेवटी प्रश्न. पुनम नावाची एक मुलगी उठली, चिमूरकडची, बीएससीच्या दुसऱ्या वर्षाला. ती म्हणाली, "मॅडम, एवढ्याशा कवचातून कोणतं घ्याचं थे तुमी कसे ठरवता?"

तिनं आपल्या बोलीत विचारलं म्हणून माझ्याही तोंडून तीच बोली आली. मी म्हटलं, "थे मले माह्या बाबानं शिकवलं. भरलेला दाना घ्याचा, पोचट टाकाचा." सगळे हसले. सगळ्यांच्याच घरी धान. मलाही फार बरं वाटलं.

पुनम हसली नाही. ती म्हणाली, "मंग बारीक कवच कुठी जाते?"

बाबा, मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. हार घेतला, चहा घेतला, रात्री गेस्ट हाऊसमध्ये डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी गोव्याची वाट धरायची, तर वडशावरून उलट्या दिशेच्या गाडीत बसले आणि इथे उतरले.

आपल्या गावची गाडी समोरच लागली होती. कंडक्टर म्हणाला, "बसून घ्या बाई, जागा आहे." मी हातात पिशवी घेऊन उभी राहिले. त्यानं दोनदा बेल दिली आणि गाडी गेली. घरी येऊन काय सांगणार होते? माझा पेपर छापून येतोय म्हणून? आता ते मला सांगता येत नाही. का, ते लिहायला हात धजत नाही. नंतर लिहीन.

हे पत्र इथल्याच पेटीत टाकते. उद्या-परवा मिळेल, आणि मी एवढी जवळ येऊन गेले हे तुम्हाला कळेल.

नूतन


गोवा, २४ जानेवारी २०२४

बाबा,

बारा दिवस कुणाला काही बोलले नाही. आज सकाळी बोलले. आता तुम्हाला सांगते.

तो जीव तरुणपणी समुद्राच्या वरच्या पाण्यात असतो. तेव्हा त्याचं कवच पातळ असतं. वय झालं की तो खोल जातो, आणि तिथल्या जास्त गार पाण्यात अंगावर जाड साल चढवतो. म्हणजे जे कवच गोल, पांढरं, टचटचीत दिसतं, ते खोलातलं गार पाणी सांगतं. बारीक, पातळ, कुणाच्या नजरेत न भरणारं कवच वरचं पाणी सांगतं. वेचताना जसं येईल तसं मिसळून घ्यायचं असतं. माझ्याआधीच्या मुलीनं तसंच घेतलं होतं. मी काय केलं? बियाणं निवडलं.

समुद्र नऊ हजार वर्षांपूर्वी तापला नव्हता, बाबा. एकशेबारा सेंटिमीटरला समुद्र बदलला नाही, वेचणारा हात बदलला. दीड अंशाची ती पायरी माझ्या हातानं घातलेली होती.

आणि हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मॅडमच्या नाही, पेपर तपासणाऱ्यांच्या नाही. त्यांनी तर कौतुक केलं होतं. पुढच्या महिन्यात छापून आला असता, माझ्या आणि तुमच्या नावासकट. मी बारा दिवस रोज सकाळी मॅडमच्या दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. मन सांगायचं, गप्प बस. पुनमनं विचारलं, पण पुनम काही पेपर वाचणार नाही. चार वर्षांची मेहनत आहे, फेलोशिपचं एकच वर्ष उरलंय, पुन्हा वेचायचं म्हटलं तर दिवस कुठून आणायचे?

मग मला कळलं की हे मन माझ्या चांगलं ओळखीचं आहे. २०१९ मध्येही ते असंच बोललं होतं.

यादीत माझं नाव लागलं होतं, बाबा. सतरावा नंबर होता. धावण्यात पहिली आले होते. त्याच आठवड्यात गोव्याहून संशोधनाला बोलावणारं पत्र आलं. तुमच्या समोर उभं राहून "मले खाकी नको" म्हणायची माझी छाती झाली नाही. तुमचे पाय आठवायचे, फोड आलेले. म्हणून म्हटलं, नाव नाही लागलं. मुखरूकाका गडचिरोलीला जाऊन यादी पाहून आलेत हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. म्हणजे तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं. तरी जुलैच्या पत्रात पुन्हा तेच खोटं लिहिलं, आणि वर तुम्हालाच रागाचं कारण विचारत बसले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच.

तुम्ही गोव्यावर रागावला नव्हतात. मी खोटं बोलले म्हणून रागावलात. मला दोन्ही वेळेला नेमकी तीच गोष्ट करता आली, भरलेलं तेवढं पुढे ठेवायचं आणि बाकीचं हळूच बाजूला सारायचं.

मॅडमना आज सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पेपर परत मागवते. पत्र तू लिही, सही माझी घे." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला वाईट वाटतंय, रडूनही झालं. पण बाबा, दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा माझी मान वर होती. तेवढं तुमच्या कानावर घालते.

तुमची खोटारडी,
नूतन


गोवा, ९ जुलै २०२४

बाबा,

पाच महिने पत्र नाही, कारण डोळे कागदावर टिकत नव्हते. तीनही मीटर पुन्हा वेचले. वरपासून खालपर्यंत, त्या मुलीचे आणि माझे सगळे नमुने. या वेळी बारीक कवचं एका पट्टीवर, जाड दुसऱ्या पट्टीवर. तीनशे नमुने, दुप्पट काम. चष्मा लागला. आईला सांगू नका, ती आधी लग्नाचं काढेल.

रेघा काल मांडल्या. आता एक नाही, दोन आहेत. बारीक कवचांची रेघ वरच्या पाण्याची, जाड कवचांची खालच्या पाण्याची. एकशेबाराला पायरी नाही, काहीच नाही, दोघी आपापल्या वाटेनं सरळ जातात. मी म्हटलं, चला, निदान खोटं तरी पुसलं.

आणि मग खाली, दोनशे सेंटिमीटरच्या आसपास, सोळा हजार वर्षांपूर्वी, दोन्ही रेघा जवळ जवळ येत एक झाल्या. सहा-सातशे वर्षं एकच रेघ. मग पुन्हा फाकल्या. म्हणजे तेवढा काळ तिथला समुद्र वरपासून खालपर्यंत ढवळून निघत होता, वरचं पाणी खाली आणि खालचं वर. खोल समुद्रात साठलेलं पुष्कळ काही तेव्हा वर आलं असणार. हे मिसळून वेचलं असतं तर दिसलं नसतं. फक्त भरलेलं वेचलं तेव्हाही दिसलं नव्हतं. दोन्ही वेगळं ठेवलं तेव्हा दिसलं.

मॅडम या वेळी उठून उभ्या राहिल्या नाहीत. त्या आठ दिवस स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बसल्या आणि माझे वीस नमुने पुन्हा वेचून पाहिले. आकडे जुळले. तेव्हा म्हणाल्या, "आता मी तुझ्या हातावर डोळे मिटून विश्वास ठेवीन." मी म्हटलं, "डोळे मिटून नको."

नव्या पेपरात पद्धत सांगताना एक वाक्य आहे, की पहिल्या वेळी वेचताना जाड कवचं जास्त घेतली गेली होती आणि म्हणून ते आकडे रद्द केले. मॅडम म्हणाल्या, कुणी घेतली ते लिहायची गरज नाही. मी लिहिलं. नू. ह. मे. माझी चूक, माझं नाव. तुमचंही एक अक्षर त्यात आलंय, त्याबद्दल माफी असावी. पण बाबा, मी आजवर लिहिलेल्या सगळ्या वाक्यांत मला त्याच वाक्याचा अभिमान वाटतो. पहिल्या पेपरावर पूर्ण नाव घातलं तेव्हाही एवढा वाटला नव्हता.

धानाचे रोवणे सुरू झाले असतील. बांधीत पाणी किती आहे, कुणीतरी कळवा.

नूतन


मु. पो. घर, ता. कुरखेडा, २३ जुलै २०२४

पोरी नूतन, जय भीम.

तुहे पाचही पत्र भेटले. हे मी सोताच लिहून राह्यलो, राजदीपले हात लावू देल्लो नाई. अक्षर पाहून हासू नको.

तू तुह्या खोट्याचं लिवली. आता माहं आयक. मुखरू यादी पाहून आला थे त्यानं मले एकट्यालेच सांगतलं. मी त्याले म्हणलो, तोंडातून काढू नको. मंग गाव पुसाले लागलं, हरिदासभाऊ, पोरीचं का झालं? मी सांगतलो, नापास झाली. पोरगी पास झाली अन् खाकी सोडून गेली, असं म्हणाची मले लाज वाटे. म्हणून तुले नापास केलो. पाच वर्ष तू या गावात नापास आहेस थे माह्या तोंडानं. तुह्यावर राग होता थो होताच. पण तुहा फोन आला का गाईले पाणी दाखवाले जाओ थे रागानं नाई. तुह्याशी कोणत्या तोंडानं बोलू म्हणून.

जानेवारीत कुरखेड्याचं पत्र आलं त मी दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन आलो. तू नोहोती, मले माईत होतं. तरी गेलो.

परवा आषाढी पुनवेले विहारात सारे जमले होते. वंदना झाली अन् मी उभा राह्यलो. म्हणलो, आयका, माही पोरगी २०१९ मंदी पास झाली होती, सतरावी. तिनंच सोडली. मी खोटं सांगतलो. अन् आता तिनं बर्फाच्या समुद्रात चूक केली, कोणाले दिसली नोहोती, तिनं आपल्या हातानं दाखवली, अन् आपलं नाव लिवून दाखवली. तुह्या मायनं पदर तोंडाले लावला. मुखरू म्हणला, "भाऊ, पाच वर्ष खोटं काऊन बोलले?" मी म्हणलो, "पोरगी खोटं बोलाले शिकली, थे कोणाच्या घरी शिकली?" सारे हासले. मीही हासलो. मले लय हलकं वाटलं.

मंग लोकायनं पुसलं, का शोधलं पोरीनं? मी दोन रेघा सांगतलो, वरचं पाणी अन् खालचं पाणी. बरोबर सांगतलो का नाई थे तू आल्यावर सांग. मले त समजलं. तलावात असं होते, गाळ ढवळला का.

बांधीत पाणी गुडघ्याले आहे. आपले रोवणे आठ-दहा दिवस चालतीन. चष्मा घालून येजो, मायले मी समजावतो.

सोबत पिशवीत दोन पायली धान धाडून राह्यलो, आपल्या जुन्या बियाण्याचा. तुही माय रुखमा म्हणे, "निवडून तरी द्या, पोरीच्या घरी पाठवून राह्यले." मी म्हणलो, "राहू दे. तिले साराच लागते."

तुहा बाबा,
हरिदास